दोनशे चौदा नंबरचा दिवा

नगरपालिकेच्या नोकरीत मला तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी दिवाबत्ती विभागात कनिष्ठ लिपिक होते. विभाग कसला, जिन्याच्या तोंडाशी एक खोली, तीन टेबलं, दोन लोखंडी कपाटं आणि समुद्राकडं उघडणारी एक खिडकी. खाऱ्या हवेनं कपाटांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, फायलींमधल्या टाचण्यासुद्धा. दिवा बंद पडला की शहरातली माणसं आमच्या खोलीत येऊन आवाज चढवायची. दिवा लागला की मात्र कुणी फिरकायचं नाही. आम्हालाही त्याचं काही वाटत नसे.

आमचे हेडक्लार्क होते अण्णा. एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला कारभार समजावून सांगितला तो असा: "आपल्याकडं कागद जिना चढतो. खाली आवक खिडकीत शिक्का बसतो, मग तू टिप्पणी लिहितेस, मग माझी सही, मग अभियंत्यांची, मग मुख्याधिकाऱ्यांची. मोठा विषय असला तर महिन्याच्या सर्वसाधारण सभेत जातो. सतरा सभासद हात वर करतात, ठराव होतो, आणि कागद जिना उतरून पुन्हा तुझ्याकडं येतो."

त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. वरचा माणूस सही करतो ते बऱ्याचदा खालच्यानं केलेली असते म्हणून. ती मला पुढं कळली.

त्या वर्षी जुने दिवे काढून नवे बसवायचे होते, आणि जे दिवे कुणाच्याच उपयोगाचे नाहीत ते कायमचे उतरवायचे होते. नोंदवही पाहून मी असे अकरा दिवे निवडले. प्रत्येकाची जागेवर जाऊन पाहणी करायची होती. दहा ठिकाणी मी इमानानं पायपीट केली. अकरावा दिवा, नंबर दोनशे चौदा, बर्फाच्या कारखान्याच्या पलीकडं, उतारावर रस्ता संपतो तिथं होता. नोंदवहीत लिहिलं होतं, 'वस्ती नाही, गोदाम बंद.' दुपारचे दोन वाजलेले, ऊन डोक्यावर, त्यात चपलेचा अंगठा तुटला. मी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले, लांबून खांबाचं टोक पाहिलं आणि माघारी वळले. दुसऱ्या दिवशी अकराही दिव्यांपुढं एकच वाक्य लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. दिव्याची आवश्यकता दिसून येत नाही.'

कागद जिना चढला. सह्या झाल्या. सभेत हात वर झाले. कागद जिना उतरला, आणि आमच्या वायरमननं शिडी लावून दोनशे चौदा नंबरचा दिवा खाली काढला.

त्यानंतर दहाव्या दिवशी, सांजावताना, एक मासेमारीची नाव खाडीच्या तोंडाशी खडकावर आदळली. नावेत दोघं भाऊ होते. धाकटा पोहत बाहेर आला. थोरल्याची मांडी नाव आणि खडक यांच्या मधे सापडून हाड मोडलं. दुसऱ्या नावांनी त्याला ओढून काढलं म्हणून जीव वाचला. बातमी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली. सगळ्यांनी हळहळ केली, मीही केली. वारा होता म्हणे, धूसर होतं म्हणे. समुद्र आहे, चालायचंच, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही चहा घेतला.

सोमवारी सकाळी पंचेचाळिशीची एक बाई आमच्या दारात उभी राहिली. पायांत रबरी बूट, हातावर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ. आवाज मात्र शांत.

"दिव्याचं ऑफिस हेच का?"

"हेच. कुठला बंद आहे?"

"बंद नाही, गायबच आहे. बर्फाच्या कारखान्याच्या पुढं, उतारावरचा. आम्हाला वाटलं दुरुस्तीला नेला. कधी परत लावणार?"

नंबर मी लगेच ओळखला. तरी तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलंच. "मावशी, तो दिवा ठरावानं काढलाय. तिथं वस्ती नाही ना."

"वस्ती नाही, खरं आहे," ती म्हणाली. "तो वस्तीसाठी नव्हताच. पाण्याच्या टाकीवर लाल दिवा आहे ना, उंचावर? समुद्रातून येताना त्या लाल दिव्याच्या बरोबर खाली हा पांढरा दिवा दिसला, की आपण खोल पाण्यात आहोत. दिव्याखाली दिवा धरायचा आणि सरळ आत यायचं. पांढरा बाजूला सरकला, की आपण खडकांकडं चाललो. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून सगळ्या नावा अशाच येतात."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कारखान्याचा दिवा लाल दिव्याखाली धरला. नवीन दिवा, पांढराशुभ्र, पन्नास पावलांवर तर आहे. आपला दिवा काढलाय हे त्याला माहीतच नव्हतं. आठ दिवस उजेडीच परत येत होते ते."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "यांना अर्ज लिहून दे," ते मला म्हणाले.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिनं कुणाला दोष दिला नाही, भरपाई मागितली नाही. एवढंच म्हणाली, "लिहा, की बाकीच्या नावा अजून रोज येतात." खाली सही करताना तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "तुमचं अक्षर छान आहे. तुम्हीच लिहिता का सगळं?"

"हो," मी म्हणाले.

दुपारच्या जेवणाच्या वेळी मी डबा उघडलाच नाही. अण्णांनी दोनदा विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. तुटलेली चप्पल, कारखान्याचं फाटक, लांबून पाहिलेला खांब. वाटलं, आता हा माणूस भडकणार. अण्णांनी डबा बंद केला, हात धुतले आणि परत येऊन बसले.

"तुझ्या सहीखाली माझी सही आहे. मी तुला विचारलं होतं का, गेली होतीस म्हणून?"

"नाही."

"एकतीस वर्षांत मी तो उतार पाहिलेला नाही. आता ऐक. चूक कबूल करायची तर कागदावर कर. तोंडी कबुली वाऱ्यावर जाते, तिनं दिवा लागत नाही. शुद्धिपत्रक लिही. पण त्याआधी जे केलं नाहीस ते करून ये."

त्याच संध्याकाळी मी उतारावर गेले. नुसता खांब उभा होता आणि त्याच्या बुंध्याशी चारपाच बायका. एकीनं खांद्यावर दुसरीला घेतलं होतं, आणि वरची कंदील अडकवत होती. दिवा काढल्याचं कळलं तेव्हापासून आळीपाळीनं रोज कंदील लावायचं त्यांनी ठरवलं होतं. मावशी मला पाहून चकित झाली.

"ऑफिसातून कुणी इथवर आलेलं मी पहिल्यांदाच पाहते."

"मावशी, मला समुद्रातून बघायचंय."

"नावेत बसला आहात कधी?"

"नाही."

"मग आधी पोटात काही असेल तर मनाची तयारी ठेवा," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

शेजाऱ्याची नाव, सुकाणूवर तिचा धाकटा दीर. पाच मिनिटांत माझी दैना झाली. मी नावेची कड घट्ट धरून बसले आणि जे व्हायचं ते झालं. मावशीनं पाठीवरून हात फिरवला, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, लेकीचं पुसावं तसं. मग म्हणाली, "आता वर बघा."

माझं शहर मी त्या बाजूनं कधीच पाहिलं नव्हतं. सगळे दिवे लागत होते. बाजाराचे, दवाखान्याचे, शाळेच्या रस्त्याचे. आमच्या नोंदवहीतले नंबर एकेक करून उजळत होते. वर टाकीचा लाल दिवा. खाली कारखान्याचा झगझगीत पांढरा. आणि त्याच्या डावीकडं, डोळे बारीक करून शोधला तर, कंदिलाचा एक पिवळट ठिपका. लाट आली की तो दिसेनासा व्हायचा.

"खडक कुठं आहेत?" मी विचारलं.

दिरानं उजवीकडं बोट केलं. "तिथं, पांढरा फेस दिसतो ना. आत्ता कारखान्याचा दिवा लालच्या खाली धरला असता, तर आपण त्याच्यावर असतो."

मी एकदम म्हणाले, "मावशी, दिवा काढायला मीच लिहिलं. पाहणी केली असं लिहिलं आणि इथं आलेच नव्हते."

इंजिनाची फटफट चालू होती. तिनं ऐकलं की नाही, मला कळेना. मग दिराकडं वळून ती म्हणाली, "वळव आता, हिला थंडी वाजतेय." तिनं आपली शाल माझ्या अंगावर टाकली. धक्क्यावर उतरताना माझा हात धरून म्हणाली, "आता आली आहेस ना. आता नीट लिही."

मी नीट लिहिलं. 'दिनांक अमुक रोजी प्रत्यक्ष पाहणी केल्याचे नमूद केले होते, ते असत्य आहे. काल सायंकाळी समुद्रातून पाहणी केली.' पुढं पानभर सगळं. अण्णांनी वाचलं, शाईचं पेन उघडलं आणि खाली आपल्या मोत्याच्या अक्षरात एक ओळ जोडली: 'खातरजमा न करता मीही सही केली होती.' निवृत्तीला त्यांना आठ महिने उरले होते. मी "अण्णा, नको" म्हणाले तर म्हणाले, "तू तुझं टेबल सांभाळ."

पण दिवा काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तो परत लावता येत नाही, घोडं तिथं पेंड खात होतं. झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत फिरवायचा तर सतरापैकी बारा हात वर व्हायला हवेत, असा आमच्याकडं नियम. मुख्याधिकारी नियमावर बोट ठेवून चालणारे. त्यांनी शुद्धिपत्रक दोनदा वाचलं, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि विषय त्याच आठवड्यातल्या सभेवर घेतला.

सभागृह म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली. मधे घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेली टेबलं, भिंतीपाशी प्रेक्षकांसाठी दोन बाकं. बाकांवर सहसा कुणी नसे. त्या दिवशी मावशी आणि उतारावरच्या बायका बसल्या होत्या. नगराध्यक्षा पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. अर्ध्या शहराला त्यांनी सुया टोचलेल्या, त्यामुळं सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. आणि समोर बसत हरकतभाऊ. खरं नाव आता कुणाच्या लक्षात नसेल. प्रत्येक विषयाला त्यांची हरकत असे. गटाराला हरकत, बागेला हरकत, सभा वेळेवर सुरू झाली तर त्यालाही हरकत.

नववा विषय आला. अभियंते म्हणाले, "पालिकेचा दिवा रस्त्यासाठी असतो. तिथं रस्ता संपतो. नावांना वाट दाखवणं हे बंदर खात्याचं काम. आपण त्यांना पत्र लिहू."

"सरकारी काम आणि सहा महिने थांब," कुणीतरी पुटपुटलं.

"माझी हरकत आहे," हरकतभाऊ उठले. दोघंतिघं आधीच हसले. भाऊ हसले नाहीत. "मागच्या सभेचं कार्यवृत्त मी वाचून आलोय. अकरा दिवे आपण चार मिनिटांत उतरवले. मीसुद्धा हात वर केला होता, आणि नेमकी तिथंच मी हरकत घेतली नाही. कागदात म्हटलंय, प्रत्यक्ष पाहणी केली. कुणी केली?"

मी कोपऱ्यात फाईल घेऊन बसले होते. अण्णा उठायला लागले. त्यांच्या आधी मी उठले.

"मी लिहिलं होतं. दहा ठिकाणी गेले होते. तिथं गेले नव्हते."

आता नोकरी गेली, घरी आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात. तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशी उभी राहिली. "मला बोलायचंय."

मुख्याधिकारी म्हणाले, "प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "नियमच आहे. म्हणून मी सभा दहा मिनिटं तहकूब करते. आता ही सभा नाही, नुसती खोली आहे. बोला बाई."

मावशी पुढं आली. एवढ्या माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. बोलताना ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती.

"या पोरीची चूक झाली. नवरा माझा पडून आहे, मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण ही दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः आली. नावेत बसली, ओकून बेजार झाली, तरी बघून गेली. आणि आमचंही ऐका. चाळीस वर्षं आमच्या नावा त्या दिव्यानं घरी येतात. आमच्यातलं कुणी एकदा तरी इथं येऊन सांगितलं का, की बाबांनो, तुमचा दिवा आमच्या कामाला येतो? आम्हाला वाटलं तो चंद्रासारखा आहे, कुणी लावावा लागत नाही. तुम्हाला कळणार कुठून? दिवा तेवढा परत द्या. आणि इतकी वर्षं लावलात त्याचे आभार. ते सांगायचं राहून गेलं होतं."

ती जाऊन बसली. दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत सिस्टरनी सभा पुन्हा सुरू केली. हात मोजायला अण्णा उभे राहिले. पंधरा हजर, तेरा हात वर. दोघांचं म्हणणं शेवटपर्यंत बंदर खात्याचंच होतं, आणि कायद्यानं ते चुकीचंही नव्हतं.

"माझी अजून एक हरकत आहे," हरकतभाऊ म्हणाले.

"आता काय?" सिस्टर म्हणाल्या.

"दिवा लावाल. वीस वर्षांनी दुसरी कुणी मुलगी येईल, वहीत बघेल, 'वस्ती नाही', आणि पुन्हा काढेल. नोंदवहीत एक रकाना वाढवा. दिवा कशासाठी आहे, तो लिहा. आणि तिथल्या माणसांना विचारून लिहा."

हाही ठराव झाला, एकमतानं. भाऊंच्या आयुष्यातला तो पहिला एकमताचा विषय असावा. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

सभा संपल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. टेबलावर लेखी ताकीद तयार होती, माझ्या सेवापुस्तकात लागणारी. "ही चुकणार नाही," ते म्हणाले. मी सही केली. दाराशी पोहोचले तेव्हा मागून म्हणाले, "पाहणी समुद्रातून केली, असं वाक्य मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा वाचलं. बसा, पाणी प्या. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

दिवा तिसऱ्या दिवशी लागला. अभियंत्यांनी विरोधात बोलून घेतलं होतं, पण काम त्यांनीच मनापासून केलं. समुद्राच्या बाजूला उजेड अडू नये म्हणून दिव्यावरची टोपी कापून घेतली, आणि कारखान्याच्या मालकाला भेटून त्यांच्या दिव्याचं तोंड जमिनीकडं वळवून घेतलं. वायरमन खांबावरून खाली उतरला तेव्हा बायकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बिचारा लाजून शिडीच विसरून गेला.

मावशीचा नवरा चार महिन्यांनी काठी टेकत चालू लागला. तो पाय पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता, आणि ते मला कधी विसरता आलं नाही. नवी नाव मावशी आणि दीर चालवायला लागले, तो धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करायचा. पहिल्यांदा मी त्याला भेटायला गेले तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. त्यानं जाळ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा जरा ताणून. बोलायचं असेल तर बोला, पण हात थांबवू नका." तासभर मी जाळं धरून बसले. उठताना तो म्हणाला, "पुन्हा आलात तर कोपऱ्याकडचं विणायला शिकवतो."

त्या वर्षी मी शहरातला एकेक दिवा फिरले, नव्या रकान्यासाठी. माणसांनी जे सांगितलं ते लिहीत गेले. 'रात्रपाळीच्या परिचारिका इथून जातात.' 'आजोबा बाकावर बसून वाचतात.' 'घरात उजेड कमी, मुली इथं अभ्यास करतात.' अण्णा निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात वही पुरी झाली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तीन दिवस लावून, आणि नंतरच सही केली.

आणि उतारावरच्या बायका? त्यांना आता ऑफिसची वाट माहीत झाली होती. दिवा लागला त्याच्या पुढच्याच सोमवारी जिन्यावर रबरी बुटांचा आवाज आला. मावशी पुढं, मागं सहाजणी, हातात कागद.

"नळाचं ऑफिस कुठलं गं?" तिनं विचारलं. "आणि धक्क्याच्या पायऱ्यांचं? आणि आधी आम्हाला कागद कसा लिहायचा ते शिकव. दर वेळी तुझं अक्षर कुठं वापरायचं?"

मी शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणायला उठले. अण्णांनी आपली खुर्ची आधीच पुढं सरकवली होती.